ढालीच्या कोपऱ्यातला चौकोन : एका अझुलेजोच्या दुकानाबद्दल

पाचपैकी साडेतीन तारे. रंगवणाऱ्या बाईच्या हाताला पैकीच्या पैकी, भट्टीलाही. कॉम्प्युटरवर बसून चित्र 'साफ' करणाऱ्या पोरामुळे दीड तारा गेला, आणि तो का गेला हे सांगायला जरा लांबण लावावी लागेल. दुकान अझुलेजोचं, म्हणजे हातानं रंगवून भाजलेल्या झिलईदार टाइलांचं. त्याचं नाव लिहीत नाही. झालेला घोळ त्यांनी शेवटी निस्तरून दिला, आणि मी जे सांगतोय ते कुठल्याही दुकानात घराण्याचा ब्राझांव, म्हणजे कुलचिन्ह, टाइलवर काढून घेताना उपयोगी पडेल.

मी गोव्यातला, डिचोलीकडचा सुतार. जुन्या घरांची डागडुजी करतो: वासे, खिडक्या, जिने, क्वचित ओरातोरचं, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याचं, नक्षीकाम. सगळे मला मेस्तच म्हणतात. बार्देशातल्या एका घराचं काम चाललं होतं. बालकांवातून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, आत शिरताना मुख्य दारावर फणसाच्या लाकडात कोरलेला ब्राझांव होता. मागची बाजू वाळवीनं पोखरून नुसता भुगा केलेला. बोट लावलं की आत जायचं. तो परत बाहेर टांगण्यात अर्थ नव्हता. मी तो आतून औषध पाजून घट्ट केला आणि सालात, म्हणजे दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत बसवायचं ठरलं. बाहेरच्या जागेसाठी घरच्या बायला, म्हणजे मालकिणीला, निळी-पांढरी टाइल हवी होती. म्हणून या दुकानात गेलो.

दुकान बघायला छान आहे. पुढं काउंटर, मागं काम. मागचा भाग बघू द्या म्हटलं तर नाही म्हणत नाहीत, ही मला आवडलेली पहिली गोष्ट. कच्ची भाजलेली टाइल पांढऱ्या झिलईत बुडवून सुकवतात. मग कागदावर काढलेलं चित्र सुईनं टोचून त्याचा खाका करतात, तो टाइलांवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत नेतात. खाका उचलला की ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटलेलं असतं. वर कोबाल्टचा रंग. तो भट्टीत जाण्यापूर्वी राखाडी-जांभळट, मेलेला दिसतो. निळा होतो तो भाजल्यावरच. सुकी झिलई रंग टीपकागदासारखी ओढून घेते, त्यामुळे एकदा टेकवलेला कुंचला परत मागं घेता येत नाही. तिथली रंगवणारी बाई कुंचला टेकवण्यापूर्वी श्वास रोखते. मी रंधा मारताना नेमकं तेच करतो, म्हणून मला ते दिसलं.

ज्यांना हे काम मोठ्या प्रमाणावर बघायचंय त्यांनी पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाच्या दालनात जावं. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकारानं १९३५ साली केलेली टाइलांची चित्रं तिथं भिंतभर आहेत. कामोइंश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत ते. इतकी वर्षं झाली, निळा रंग तसाच आहे.

तर आम्ही मूळ लाकडी ब्राझांवाचे फोटो दिले, मोजमाप दिलं, सहा इंची बारा टाइलांचं पॅनेल ठरलं. दर अकरा हजार. हाताच्या कामाला मला हा दर जास्त वाटत नाही. नंतर नमुन्याचा कागद आला तो माझ्याकडे नाही, बायच्या परदेशातल्या मुलीच्या फोनवर. तिनं 'सुंदर' लिहिलं आणि टाइल भट्टीत गेली.

पॅनेल आलं तेव्हा खरंच सुंदर होतं. शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंनी उतरणारी पानांची झालर तर लाकडातल्यापेक्षा सरस. बाय मात्र दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "मेस्ता, चौकोन खंय?"

चौकोन नव्हता. मूळ लाकडात ढालीच्या वरच्या कोपऱ्यात, बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, दीडेक इंचाचा एक चौकोन आहे आणि त्यात तीन पाकळ्यांचं पान. पान वाळवीनं अर्धं खाल्लंय, पण चौकोनाच्या चारही कडा शाबूत आहेत. दुकानातल्या पोरानं तो डाग समजून पुसला, आणि रिकामी जागा बरी दिसेना म्हणून तिथं एक वेलबुट्टी वळवली. मी दुकानात जाऊन विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं: "पात्रांव, इतलें ल्हान कोण पळयता?" (मालक, एवढं बारीक कोण बघतो?)

त्या चौकोनाला पोर्तुगीजमध्ये ब्रिका म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज येणाऱ्या माणसांनाही सहसा माहीत नसतो. बायच्या घरात ब्राझांवाच्या सनदेची हातानं उतरवलेली जुनी नक्कल आहे. ती घेऊन मी मडगावच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. आधी ढालीचं वर्णन: चार भाग, लालावर रुपेरी बुरूज, सोनेरीवर हिरवं झाड. (घराणं ओळखू येऊ नये म्हणून यातलं थोडं मी बदललंय.) आणि शेवटी "पोर दिफेरेन्सा, उमा ब्रिका", म्हणजे वेगळेपणाची खूण म्हणून एक ब्रिका, सोनेरी, तीत निळं तीन पाकळ्यांचं पान. वकील म्हणाले, अशा सनदांचा शेवट बहुतेक असाच व्हायचा. मजकूर साच्यातला, फक्त ब्रिकेचा रंग आणि आतली वस्तू बदलायची.

आपल्याकडे वतनात थोरली पाती आणि धाकटी पाती असते ना, तशी ही धाकट्या पातीची खूण. घराण्याचं मूळ चिन्ह काहीही न जोडता, निर्भेळ लावण्याचा मान एकट्या थोरल्याचा. बाकीच्यांनी तेच चिन्ह लावायचं, पण काहीतरी फरक दाखवून. इंग्रजांकडे हा फरक जन्माच्या क्रमानं ठरतो: दुसऱ्या मुलाला चंद्रकोर, तिसऱ्याला तारा. पोर्तुगिजांचं वेगळं आहे. त्यांच्याकडे माणूस आईकडचं आडनाव आणि आईकडचं चिन्हही घेऊ शकतो, त्यामुळे हे चिन्ह तुमच्याकडे कुठल्या आज्या-आजोबांकडून आलं, याला महत्त्व. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मनुएल राजानं हे सगळं नियमात बसवलं. याच राजाच्या अमदानीत अल्बुकेर्कनं गोवा घेतला, १५१० साली. लिस्बनजवळ सिंत्राच्या राजवाड्यात त्यानं बहात्तर सरदार घराण्यांची चिन्हं छतावर रंगवून घेतली. त्या दालनाच्या भिंती पुढं निळ्या टाइलांनी मढवल्या गेल्या.

ब्रिकेचा रंग ढालीच्या त्या भागाच्या रंगाहून वेगळा हवा, नाहीतर ती दिसणारच नाही. आणि या शास्त्राचा एक कडक नियम आहे की धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. सोनेरी आणि रुपेरी हे धातू, लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग. आमच्या ढालीत लालावर सोनेरी चौकोन, सोनेरीवर निळं पान. नियम पाळलाय. ज्यानं सनद लिहिली त्याला आपलं काम येत होतं.

आणि हे काम करणारे अधिकारी होते, ही गोष्ट मला त्या वकिलांकडूनच कळली. पोर्तुगालच्या दरबारात तीन मुख्य 'रेय द आर्मस' असत, म्हणजे ढालींचे राजे. त्यांची नावं पोर्तुगाल, आल्गार्व आणि इंडिया. त्यांच्या हाताखालच्या हेराल्डांपैकी, म्हणजे कुलचिन्हं बघणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी, एकाच्या हुद्द्याचं नाव 'गोवा', आणि त्याखालच्या एकाचं 'कोचीन'. ही मंडळी बसायची पोर्तुगालात. आपल्या नावाचा एक कारकून तिकडे ढाली तपासत बसलेला असायचा, हे ऐकून मला उगाच हसू आलं. १९१० मध्ये राजेशाही गेली आणि हा कारभारही संपला.

आता मुद्दा असा की चौकोन पुसला तर टाइल काय बोलते? ती बोलते, की आम्हीच थोरले. आणि थोरल्या पातीचं घर त्याच वाडीत आहे, चालत पाच मिनिटांवर. त्यांच्या दारावर चुन्यात कोरलेला तोच ब्राझांव आहे, बिनचौकोनाचा. दोन्ही घरांचं जाणं-येणं आहे, लग्नकार्य आहे, आणि एका शेताच्या बांधावरून थोडी कुरबुरही आहे. बायचं म्हणणं एका वाक्यात होतं: "फेस्ताक तीं सगळीं येतलीं, दाराकडेन उबीं रावतलीं." (चर्चच्या सणाला ती सगळी येतील, दारापाशी उभी राहतील.) मला पुढं काही विचारावं लागलं नाही.

दुकानाच्या मालकाला हे समजावलं. त्याच्या बाजूनं सांगायचं तर त्यानं वाद घातला नाही. नमुना मंजूर झाला होता असं तो म्हणू शकला असता. म्हणालाही, पण एकदाच. त्याला वाटलं वरच्या ओळीतली एक टाइल नव्यानं करून भागेल. रंगवणाऱ्या बाईनंच त्याला अडवलं. कोबाल्टचा निळा प्रत्येक भट्टीला थोडा वेगळा उतरतो, एक टाइल ठिगळासारखी दिसेल, करायचं तर बाराच्या बारा. त्यानं निम्मे पैसे घेऊन पूर्ण पॅनेल पुन्हा केलं. माझ्या मते हे निम्मेही घ्यायला नको होते, कारण फोटोत चौकोन ढळढळीत दिसत होता. बायनं दिले.

दुसऱ्या वेळी मी त्या बाईशेजारी स्टूल टाकून बसलो, आणि तेव्हा आणखी एक गोष्ट काढली. सगळंच निळ्यात करायचं तर लाल कुठला, हिरवा कुठला, सोनेरी कुठला हे कळणार कसं? पहिल्या पॅनेलमध्ये तिनं सगळीकडे गडद-फिका निळा वापरून उठाव आणला होता. दिसायला झकास, पण कुलचिन्ह म्हणून मुकं. त्यावर जुना तोडगा आहे. पिएत्रासांता नावाच्या इटालियन जेझुइट पाद्र्याच्या १६३८ च्या पुस्तकानंतर तो सगळीकडे रूढ झाला: लालासाठी उभ्या रेघा, निळ्यासाठी आडव्या, हिरव्यासाठी डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या, काळ्यासाठी उभ्या-आडव्या रेघांची जाळी, सोनेरीसाठी ठिपके आणि रुपेरी कोरं. छापखान्यात एकाच शाईत ढाल छापायची सोय. एकाच निळ्यात रंगवणाऱ्यालाही तीच लागू पडते.

तिला हे इतकं आवडलं की तिनं आधी एका फुटक्या टाइलवर सहाही प्रकार काढून पाहिले. मग खरं काम. बुरुजामागची लाल जमीन उभ्या रेघांनी भरताना तिनं पट्टी घेतली नाही, हातानंच ओढल्या. त्यामुळे रेघा किंचित थरथरतात आणि लांबून ती जागा फिक्या कापडासारखी दिसते. झाडाच्या शेंड्यात तिरक्या. आणि ब्रिका. दीड इंचाचा चौकोन, त्यात सोन्याचे ठिपके, ठिपक्यांच्या मधोमध तीन पाकळ्या, आणि पाकळ्या निळ्या म्हणून प्रत्येकीत आडव्या रेघा. एका पाकळीत तीनच मावल्या. त्यासाठी तिनं चारपाच केसांचा कुंचला काढला, टोक ओठांवर न लावता ओल्या फडक्यावर वळवून टोकदार केला. कोबाल्ट तोंडात जायला नको, हे पोरांना शिकवायला हवं असं तीच म्हणाली. तिसऱ्या पाकळीतली मधली रेघ जरा खाली उतरलीय. ती तशीच आहे, आणि मला माहीत असल्यामुळे दारातून जाताना दिसते.

याच वेळी सांध्याचाही प्रश्न निघाला. पहिल्या मांडणीत दोन टाइलांचा सांधा नेमका पानाच्या जागेवरून जात होता. चौकोन असता तर पान मधोमध कापलं गेलं असतं. तिनं खाका अर्धा बोट सरकवला आणि अख्खी ब्रिका एका टाइलमध्ये आणली. कॉम्प्युटरवर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, असं मी म्हणणार होतो. पण तो पोरगा शेजारीच उभा राहून बघत होता, म्हणून गप्प बसलो.

खाक्याची आणखी एक जोखीम आहे. टोचलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच चालतो. उलटा पडला तर चित्र आरशातल्यासारखं येतं. फुलापानांत काही बिघडत नाही, ढालीत बिघडतं. ढालीची उजवी-डावी धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात, बघणाऱ्याच्या नाही. म्हणजे ढालीची उजवी ती आपली डावी. उजवीकडून उतरणारा तिरका पट्टा मानाचा. तोच उलट बाजूनं उतरला तर बघणारा जाणकार अनौरस संततीचा अर्थ काढू शकतो. आमच्या ढालीत पट्टा नाही, तरी मी कागदाच्या एका बाजूला मोठ्ठं 'वर' लिहून ठेवलं. तुम्हीही लिहा.

मी रंगवणाऱ्या बाईला, आणि तिच्याबरोबर त्या पोरालाही, जुन्या गोव्याला जायला सांगितलं. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची अख्खी जमीन थडग्यांच्या कोरीव शिळांनी फरसबंद आहे. सोळाव्या शतकापासूनचे सरदार, त्यांच्या बायका. लोक मान वर करून सोनेरी वेदी बघत त्यांच्यावरून चालतात. खाली बघितलं तर ढाली दिसतात, शिरस्त्राणं, झालरी, काही इतक्या गुळगुळीत की उजेड तिरका असेल तरच कळतं. शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथं व्हाइसरॉयांच्या चित्रांत कोपऱ्यात त्यांच्या ढाली रंगवलेल्या आहेत. ते शुक्रवारी बंद असतं. दगडात रंग नाही आणि चित्रात रंग आहे, दोन्ही एकाच फेरीत बघून होतं. ती दोघं गेली. पोरगा परत आल्यावर मला फोनवर फोटो दाखवत होता आणि विचारत होता, हा ओरखडा आहे की काही आहे. हे मला बरं वाटलं. अर्धा तारा त्याला यासाठी परत दिलाय, वरच्या साडेतीनात तो धरलेला आहे.

एक तक्रार मात्र अजून आहे, ती काउंटरची. तिथं एक फळी आहे: आडनाव सांगा, कुलचिन्हाची टाइल घ्या. मॅग्नेट आहे, चहाचा मग आहे, की-चेन आहे. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, परेरा, डिसोझा, सगळे तयार. पर्यटक घेतात तर घेऊ देत, पण गोव्यातली माणसंही घरात लावायला घेतात. अहो, चिन्ह मिळायचं ते माणसाला आणि त्याच्या वंशाला, आडनावाला नव्हे. आणि गोव्यात आडनावं आली कशी? बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा पादरीनाचं, म्हणजे धर्मपित्याचं, आडनाव लागलं आणि चिकटलं. एका गावातल्या दहा फर्नांडिसांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असेलच असं नाही, पोर्तुगालातल्या कुणा फर्नांडिस सरदाराशी तर सोडाच. गंमत म्हणजे त्या फळीवरच्या एकाही ढालीत फरकाची खूण नाही. सगळेच थोरले. मालकाला हे म्हटलं तर तो हसला आणि म्हणाला, भाडं त्या फळीवर निघतं, तुमच्या पॅनेलवर नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण फळीवर निदान 'शोभेसाठी' एवढं लिहायला काय जातं?

बसवण्याबद्दल. दुकान स्वतःचा माणूस देतं आणि तो सिमेंटनं थेट भिंतीवर थापतो. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या भिंतीवर हे करू देऊ नका. चिरा पावसाळाभर पाणी पितो आणि नंतर सोडतो. ते टाइलमागं अडकलं की क्षार फुलतात आणि झिलईचे पोपडे निघतात. मी पॅनेल सिमेंट बोर्डावर चिकटवून घेतलं, बोर्डाला मागं पट्ट्या ठोकून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवलं आणि स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी अडकवलं. उद्या भिंत रंगवायची झाली तर चार स्क्रू काढले की पॅनेल हातात. सांध्यात भरायला त्यांनी पांढरंशुभ्र ग्राउट दिलं होतं, ते डोळ्यात खुपतं. जरा राखाडी मागून घ्या.

पॅकिंग उत्तम, एकही कोपरा उडालेला नव्हता. सांगितलेल्या तारखेपेक्षा उशीर होतो, भट्टी भरल्याशिवाय पेटवत नाहीत म्हणून. फेस्त, लग्न असलं काही डोळ्यांसमोर असेल तर खूप आधी द्या. नमुन्याचा कागद फोनवर मंजूर करू नका. दुकानात जाऊन, मूळ वस्तू किंवा तिचा मोठा फोटो शेजारी ठेवून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवून बघा. सनद असेल तर तिची प्रत बरोबर न्या आणि शेवटचं वाक्य कुणाकडून तरी वाचून घ्या.

परवा थोरल्या घरचे लोक बायकडे आले होते. पॅनेल बघितलं, चौकोन बघितला, काही बोलले नाहीत. जाताना त्यांच्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन दुकानाचा पत्ता विचारला. त्यांचा चुन्यातला ब्राझांवही पावसानं खचत चाललाय.